दातात दोरा

टोलेडोच्या पश्चिमेला, हायवे सोडला की
जो मॉल लागतो, आता लागतो म्हणण्यापुरताच,
त्याच्या खालच्या मजल्यावर, बंद कारंज्याशेजारी
माझी एक खुर्ची, एक आरसा आणि दोऱ्याची रिळं.
या अंगाला चालू दुकान आता माझंच.
ओसाड गावी एरंड बळी, बाबा म्हणतात नेहमी;
एरंड होणं कसं असतं
ते त्यांना मी फोनवर सांगितलेलं नाही.

समोरच्या मोठ्या दुकानाची अक्षरं
गेल्या मार्चमध्ये क्रेनने उतरवली.
भिंतीवर त्यांची जागा तेवढी गोरी राहिली,
घड्याळ काढलेल्या मनगटासारखी.
लोक अजून त्याच नावाने पत्ता सांगतात,
तिथून डावीकडे वळा म्हणून.

माणसं घरबसल्या कपडे मागवतात, बूट, गाद्या,
कुत्र्याचं खाणं, मयताची फुलंसुद्धा.
नाही आवडलं तर त्याच खोक्यातून परत.
भुवई मात्र अंगासकट आणावी लागते.
आणि परत तर मुळीच करता येत नाही.
एवढ्या एका गोष्टीवर
माझं भाडं निघतं, बहुतेक महिन्यांत.

सकाळी, दुकानं उघडायची त्या वेळेच्या आधी,
म्हातारे येतात चालायला.
बाहेर बर्फ, आत हीटर अजून चालू.
एक फेरी म्हणजे पाव मैलाहून थोडं जास्त,
हे मला लॉरेन कोवाल्चिक यांनी सांगितलं,
वय एक्याऐंशी, काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
फेऱ्या त्या बोटांवर मोजतात,
आठवी झाली की माझ्या खुर्चीत बसतात,
कपाळाची कातडी दोन बोटांनी ताणून धरतात
आणि डोळे मिटून घेतात.

दोरा दातात धरला की मला बोलता येत नाही.
म्हणून मी या गावाचं बरंच ऐकलंय.
सांताक्लॉज कुठे बसायचा, रांग कुठवर जायची,
कोणत्या बाकावर रे त्यांना लग्नाचं विचारणार होता
आणि खिशातली अंगठी सापडेना
म्हणून आधी दोन प्रेट्झेल घेऊन आला.
बाक आता नाही. त्याचे चार बोल्ट आहेत फरशीत.
तिथे आल्या की त्या पाय किंचित उचलतात.

कारंज्याचं पाणी तोडलं तेव्हा
तळाला नाणी होती, हिरवी पडलेली.
गार्ड टायरीसने ती झाडूने गोळा केली,
दोन बादल्या भरल्या. यांचं काय करू, विचारलं
तर मॅनेजर म्हणाला, कुठल्या खात्यावर दाखवायची
तेच कळत नाही.
बादल्या माझ्या कपाटामागे आहेत.
कुणी कुणी काय काय मागितलेलं,
वजन बरंच आहे.

इचलकरंजीत आमच्या गल्लीतले माग बंद पडले
त्या रात्री कुणालाच झोप लागली नव्हती,
आवाज नाही म्हणून.
इथे उलट. इथे संगीत चालूच ठेवलंय,
छतातून, तीच बारा गाणी.
कुणासाठी, ते विचारायचं नाही.

परवा नोटीस आली. जुलैपासून इथे गोदाम.
ज्यांच्यापायी ही दुकानं बसली, त्यांचंच.
खाली बारीक अक्षरांत: भरती सुरू आहे,
ताशी एकोणीस डॉलर, उभं राहण्याची सवय हवी.
ती आहे मला. तेवीस वर्षांची.
फोन नंबर मी एका रिकाम्या रिळावर लिहिला
आणि त्याच्यावर दुसऱ्या रिळाचा दोरा गुंडाळला.
संपेल तेव्हा दिसेल.

आज लॉरेनबाई सहा फेऱ्यांतच आल्या.
डावी भुवई झाली, उजवी निम्मी,
तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या,
"आणि तू गं? तू कुठे जाशील?"
दोरा दातात होता.
मी मान हलवली, ती त्यांना दिसली नाही.
वरचं गाणं संपलं. दुसरं लागायला
नेहमी जरा वेळ लागतो.
तेवढ्यात मी उजवी पूर्ण केली.